संगणकाच्या पेटीचे अंतरंग

जाणता गृहस्थ घर घेताना दर्शनी नक्षीवर भाळत नाही. वारा कोठून येतो आणि धूर कोठून जातो, हे तो आधी पाहतो. संगणकाच्या पेटीची पारखही अशीच आतून करावी लागते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. आणि नलिका म्हटली की ती तापणार व केव्हातरी निकामी होणार. म्हणून १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच अशा त्या पोलादी सांगाड्याला दोन्ही बाजूंनी दारे ठेवली होती. दुरुस्ती करणाऱ्याचा हात कोणत्याही मंडलापर्यंत पोहोचावा, हा त्या रचनेचा धर्म होता.

पुढे नलिका गेल्या, संगणक मेजावर आला. उष्णता मात्र गेली नाही. १९९५ साली इंटेल कंपनीने 'एटीएक्स' ही मांडणी रूढ केली. वीजपुरवठ्याच्या पंख्याने आत वारा फुंकून प्रक्रियकही थंड करावा, अशी मूळ कल्पना होती. परंतु वीजपुरवठ्यातून येणारा वारा वाटेतच तापे! अखेर दिशा उलटली. पंखा आतली ऊन हवा बाहेर टाकू लागला. वारा असणे निराळे आणि त्याला वाट असणे निराळे, हेच यावरून दिसते.

आता हीच कसोटी जयपूरच्या वैशाली नगरासारख्या वस्तीत लावून पाहा. तेथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढतो आणि पश्चिमेकडून धूळ येते. अशा ठिकाणी पेटीच्या तोंडाशी सहज काढून धुता येणारी जाळी हवी. थंड हवा पुढून येऊन मागून व वरून निघून जावी. तारा पाठीमागच्या पोकळीत बांधलेल्या असाव्यात. आणि एक भाग बदलण्यासाठी दुसरे चार काढावे लागू नयेत. आज पुष्कळ पेट्यांचे तोंड काचेने मिटलेले असते व आत रंगीत दिवे लावलेले असतात. ती शोभा डोळ्यांना सुखावते खरी, पण यंत्राचा श्वास कोंडते.

जी पेटी उघडता येते, झाडता येते, तिच्यातले यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागते. जी येत नाही, तिच्यातले चांगले यंत्रही अकाली भंगारात जाते. टिफ्रॅकच्या त्या दोन्हीकडच्या दारांनी घालून दिलेला धडा आजही तितकाच खरा आहे.