ट्रकवाल्याचा पत्ता कोणता?

आजचा विषय लढाईचा नाही, पण फौजेशी त्याचं जुनं नातं आहे. 1803 साली वेलस्ली शिंदे-भोसल्यांवर चालून गेला, तेव्हा त्याच्या फौजेचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून येत होतं. त्यांचा तांडा पोहोचला नाही तर पलटणीची चूल पेटत नसे. पुढे आगगाडी आली आणि हा धंदा बसला. मग ज्याला ठरलेलं गाव नाही त्याच्याकडे सरकार संशयाने बघू लागलं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा याच नजरेतून आला. 1911 नंतर तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही लागू झाला, आणि बंजाऱ्यांच्या काही गटांवरही तो शिक्का बसला. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. नजर मात्र एवढ्या लवकर बदलत नाही.

आज ते वाहतुकीचं काम ट्रकवाला करतो. त्याचा रहिवास कोणता?

1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 20 आहे. माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो तिथे त्याचं नाव मतदार यादीत असावं, असं ते सांगतं. नुसतं घर मालकीचं असून भागत नाही. उलट थोड्या काळासाठी बाहेर गेल्याने रहिवास तुटतही नाही. आम्हा फौजींसाठी याच कलमात खास सोय आहे. नोकरीत नसतो तर जिथे राहिलो असतो, तिथेच आम्ही राहतो असं कायदा मानतो. मी लडाखला असलो तरी कागदावर गावातच! मतपत्रिका पोस्टाने येई, 2003 पासून प्रतिनिधीमार्फत मत देण्याचीही मुभा मिळाली, आणि 2016 पासून मतपत्रिका संगणकावरून पाठवायला सुरुवात झाली. ही सोय योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ट्रकवालाही महिनोन्महिने घराबाहेर असतो. त्याचं नाव गावच्या यादीत राहतं, पण मतदानाच्या दिवशी तो कुठल्या तरी टोलनाक्यापलीकडे असतो. ट्रकचालक म्हणून पोस्टाने मत देण्याची सर्वसाधारण सोय त्याला नाही. बेघर माणसासाठी निवडणूक आयोगाने वेगळी वाट ठेवली आहे: केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन तो माणूस सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का, हे बघायचं. ट्रकवाला झोपतो केबिनमध्ये, आणि केबिन आज उदयपूरला तर उद्या हुबळीला.

आता झोपण्याच्या जागेचं बघू. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही पालिकेला नोटीस देऊन हटवण्याचा अधिकार ठेवला. म्हणजे निदान नोटीस तरी हवी. महामार्गाच्या कडेला झोपलेल्या ड्रायव्हरला नोटीस म्हणजे काचेवर पडणारी काठी. आणि कोणाला वाटेल की तीच जागा वर्षानुवर्षं वापरली तर हक्क सांगता येईल, तर तेही नाही. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे खासगी जमिनीवर 12 वर्षं, सरकारी जमिनीवर 30 वर्षं सलग, उघड आणि मालकाच्या विरोधात ताबा लागतो. पहाटे क्लीनरने टायर ठोकून बघितले, गाडी निघाली, की ताबा संपला. त्या जागेवर त्याला काहीच मिळणार नसतं, तरी अतिक्रमण करणाऱ्याचा ओरडा मात्र तोच खातो.

याचा विचार कोणी केलाच नव्हता असंही नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने, चालकाला जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीची खोली द्यावी, असं लिहिलं. पण कायदा लागू होता पाच किंवा जास्त कामगारांच्या व्यवसायाला. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच भरपूर. आमच्या काफिल्याला ट्रान्झिट कॅम्प ठरलेला असे. ट्रकवाल्याला धाबेवाल्याची बाज, तीही जेवण घेतलं तर.

माझं मत सरळ आहे: कलम 20 मध्ये फौजींसाठी जे मानलं, त्याच धर्तीवर लांब पल्ल्याच्या चालकांना मत देता यावं. जानेवारी 2023 मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्र दाखवण्यासाठी पक्षांना बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथेच थांबली. त्यातही आधी नोंदणी करून दुसऱ्या राज्यातल्या ठरलेल्या केंद्रावर जायचं होतं. बांधकामावरच्या मजुराला ते जमेल. भाडं कुठलं मिळणार हे आदल्या रात्री कळणाऱ्या माणसाने कुठलं केंद्र लिहून द्यायचं?