गोळीनं जोडीदारालाही राखलं

नागपूरच्या मेडिकलमध्ये एआरटी केंद्रातून एचआयव्हीच्या गोळ्या आज फुकट मिळतात. २००० सालाच्या सुमारास अमेरिकेत याच औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात खर्च यायचा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीन औषधं मिळून दिवसाला एका डॉलरच्या आत देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या राज्यात सरकारी उपचार मोफत सुरू झाला.

पण गोळी कधी सुरू करायची? तेव्हा सीडीफोर नावाच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच घटल्यावरच देत.

याचं उत्तर नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांकडून मिळालं. त्यात आपल्या पुण्याचीही होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला गोळी लगेच, दुसऱ्याला पेशी घटल्यावर. निरोध आणि सल्ला दोन्ही गटांना. २०११ मध्ये पाहिलं, तर जोडीदाराकडून झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिराच्या गटात. लगेच गोळी घेणाऱ्यांत एकच! मग निकाल मुदतीआधीच जाहीर केला आणि उशिराच्या गटालाही गोळी देऊ केली.

शास्त्रज्ञांचं कौतुक झालंच. आम्हाला मात्र ती जोडपी मोठी वाटतात. शेजारीपाजारी कपबशी वेगळी ठेवायचे, त्या काळात ती वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिली. त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत.

२०१७ पासून भारतात लागण कळली की लगेच गोळी देतात, पेशी घटायची वाट बघत नाहीत. रोज न चुकता घेतली आणि तपासणीत रक्तातला विषाणू सापडेनासा राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.