जुन्या पिस्तुलाची वंशावळ : क्रमांक ६०६८२४

१/ अंधेरी-बोरिवलीत जुनी सदनिका घेणारा माणूस आधीच्या सर्व मालकांच्या करारनाम्यांची साखळी तपासतो. जुनी मोटार घेणारा चॅसी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहतो. मग जुने पिस्तूल घेताना काय पाहावे? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर जानेवारी १९४८ च्या इतिहासात शोधू.

२/ शस्त्र परवान्याशिवाय बाळगणे तेव्हाही गुन्हा होता. व्हाइसरॉय लिटनच्या काळातील १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. तरीही महायुद्ध नुकतेच संपले होते, फाळणीची आग पेटलेली होती आणि विनापरवाना शस्त्रे हातोहात फिरत होती. पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवणारा दिगंबर बडगे अशा व्यवहारांत मुरलेला होता.

३/ गांधीहत्येच्या कटातील मंडळींनी शस्त्रे जमवली ती अशाच मार्गांनी. खडकीच्या लष्करी डेपोत नोकरी करणाऱ्या गोपाळ गोडसेकडे एक रिव्हॉल्व्हर होते. दुसरे बडगेने अदलाबदलीत मिळवले. कोणाचीही पावती नाही, कोणाचीही नोंद नाही.

४/ २० जानेवारी १९४८ च्या सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत ही दोन्ही शस्त्रे तपासण्यात आली. माफीचा साक्षीदार झालेल्या बडगेच्या साक्षीनुसार एकाचे गोळ्यांचे चक्र फिरेना, तर दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंतही पोहोचली नाही. त्याच सायंकाळी मदनलाल पाहवाने बिर्ला भवनात स्फोट केला. तो पकडला गेला, इतर निसटले.

५/ नथुराम गोडसे व नारायण आपटे मुंबईस परतले. भुलेश्वरच्या दीक्षितजी महाराजांकडे त्यांनी रिव्हॉल्व्हर मागितले; ते मिळाले नाही. मुलुंडच्या पुढच्याच स्थानकावर, ठाण्यात, विष्णु करकरेशी त्यांची भेट झाली. २७ जानेवारीस दोघे विमानाने दिल्लीस गेले व त्याच रात्री ग्वाल्हेरला पोहोचले.

६/ ग्वाल्हेरहून परतताना त्यांच्याजवळ पिस्तूल होते : इटलीच्या बेरेटा कारखान्याचे, १९३४ च्या नमुन्याचे, ९ मिलिमीटरचे. क्रमांक ६०६८२४. ३० जानेवारीस त्यातून तीन गोळ्या सुटल्या. मारेकरी जागीच पकडला गेला, पिस्तूलही हाती लागले.

७/ आता तपासापुढचा प्रश्न पाहा. क्रमांक शाबूत होता. पण क्रमांक बोलतो तो नोंदवहीच्या तोंडून, आणि येथे हस्तांतराची नोंदवहीच नव्हती. म्हणून सारा भार माणसांच्या जबान्यांवर पडला. ज्याने पिस्तूल मिळवून दिले असे अभियोगपक्ष म्हणत होता, तो गंगाधर दंडवते फरारी होता. ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांना लाल किल्ल्यातील न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी जन्मठेप दिली. पुढे जूनमध्ये पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. गोळी झाडणाऱ्याविषयी न्यायालयांना शंका उरली नव्हती. त्या पिस्तुलाच्या ग्वाल्हेरमधील वाटेविषयी मात्र दोन न्यायालयांचे निष्कर्ष वेगळे निघाले.

८/ स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला. त्याच्या दोन तरतुदी जुन्या शस्त्राच्या खरेदीदाराने ध्यानात ठेवाव्यात. कलम ८ : उत्पादकाचे नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नसलेल्या बंदुकीची वा पिस्तुलाची विक्री निषिद्ध, क्रमांक खोडणे वा बदलणेही निषिद्ध. कलम ५ : परवानाधारकाने आपले खासगी शस्त्र विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवावे आणि किमान ४५ दिवस थांबावे.

९/ तेव्हा पाहायचे ते असे. विकणाऱ्याचा परवाना जिवंत आहे काय? शस्त्रावरील क्रमांक परवान्यातील क्रमांकाशी अक्षरशः जुळतो काय? क्रमांकाच्या जागी घासल्याची खूण आहे काय? पोलिसांस कळवल्याची पोच आहे काय? आणि आपल्या स्वतःच्या परवान्यात ते शस्त्र बसते काय? ९ मिलिमीटरची पिस्तुले आज प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ती मिळत नाहीत. मुंबई शहर व उपनगरांत परवाना देणे हे पोलीस आयुक्तांचे काम आहे. यंत्राची तपासणी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडूनच करून घ्यावी, पण ती कागदांनंतर.

१०/ ४५ दिवसांची वाट अनेकांना सरकारी दिरंगाई वाटते. १९४८ च्या जानेवारीत ग्वाल्हेरमध्ये एक पिस्तूल एका दिवसात हातोहात गेले. त्या दिवसात कोणी लेखी विचारले नाही की हे कोणाचे, कोठून आले आणि कोणाला हवे आहे. पुढच्या ४८ तासांत काय घडले ते आपण दरवर्षी ३० जानेवारीला दोन मिनिटे उभे राहून आठवतो.