गंजिफा, मेंढीकोट आणि ब्रिज: हात घेण्याच्या विद्येचा इतिहास

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला असला, तरी पत्त्यांच्या इतिहासात या प्रदेशाचा विचार निजामाच्या राज्याचा भाग म्हणूनच करावा लागतो. कारण नांदेडपलीकडील निर्मळ येथे, त्याच राज्यात, नकाशी कारागीर गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाची पाने रंगवीत, आणि हिंगोली हे हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेचे लष्करी ठाणे होते; पहिला धागा गंजिफाचा, दुसरा इंग्रजी खेळांचा.

बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफात आठ रंगांची ९६ पाने असतात, तर सावंतवाडीचे चितारी रंगवितात त्या दशावतारी संचात दहा रंगांची १२०. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने येतात. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी श्रेष्ठ, उरलेल्या निम्म्यांत एक्का श्रेष्ठ, अशी उलटसुलट प्रतवारी असल्यामुळे खेळ कठीण होतो. तीन खेळाडू स्वतंत्रपणे खेळतात आणि कायमचा हुकमाचा रंग नसतो. वरची पाने खेळली गेली की खालचे पान त्या रंगात सर्वश्रेष्ठ ठरते, म्हणून गेलेले प्रत्येक पान ध्यानात ठेवणे हीच येथील खरी करामत होय, आणि आजच्या कोणत्याही चार रंगांच्या खेळापेक्षा ती अधिक कष्टाची आहे.

मेंढीकोट या चार रंगांच्या खेळाची ठेवण मात्र व्हिस्टच्या घराण्यातील आहे. एडमंड हॉयलने १७४२ मध्ये ज्याचे विवेचन प्रसिद्ध केले त्या इंग्रजी व्हिस्टप्रमाणेच येथे चार खेळाडू, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी तेरा पाने आणि हुकूम असतो. परंतु डावाचे मोल दश्शीवर, म्हणजे मेंढीवर, असते आणि चारही मेंढ्या घेणे म्हणजे मेंढीकोट. दश्शी स्वतःच्या बळावर क्वचितच हात घेते, त्यामुळे ती भिडूच्या एक्क्यावर केव्हा टाकावी याचा अंदाज बांधणे हे कौशल्य ठरते. शेवटचे पान टाकणाऱ्याला ती निर्धास्तपणे देता येते, दुसऱ्या क्रमांकावरील खेळाडूला ती सहसा राखून ठेवावी लागते. ज्या प्रकारात उतारीचा रंग प्रथम ज्याच्याजवळ नसेल त्याने टाकलेल्या पानाचा रंग हुकूम होतो, त्यात एखाद्या रंगाचे एकटे पान लवकर उतरून त्या रंगातून मोकळे होणे आणि मग आपला लांब रंग हुकूम करणे ही विशेष सुंदर खेळी आहे, कारण तिच्यात हुकूम दैवाने नव्हे, तर योजनेने ठरतो.

हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती घडविली, तेव्हा व्हिस्टची हीच बैठक बोलीशी जोडलेली होती. ब्रिजमध्ये बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची पाने उघडी मांडली जातात, त्यामुळे तर्काला अधिक आधार मिळतो. फिनेस, म्हणजे एक्का व राणी एका हातात असताना राजा त्या हाताच्या आधी खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याजवळ आहे असे मानून राणीने हात घेण्याचा प्रयत्न, हा त्याचा पहिला पाठ. आणि स्क्वीझ, म्हणजे लागोपाठ निश्चित हात घेऊन प्रतिस्पर्ध्याला दोन राखणीच्या पानांपैकी एक सोडावयास लावणे, ही त्याची सर्वांत कठीण खेळी, कारण ती साधण्यासाठी गेलेली पाने गंजिफाच्या खेळाडूइतक्याच काटेकोरपणे मोजावी लागतात.