रजोनिवृत्ती : माजघरातील इतिहास

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोलीस वाघेश्वराचे देऊळ आहे. पिलाजी जाधवराव ह्यांची समाधीही त्याच गावी आहे. सरदारांच्या मोहिमांच्या हकीकती कागदपत्रांत सापडतात. त्यांच्या वाड्यांतील माजघरांत, किंबहुना प्रत्येक घरात, स्त्रीच्या चाळिशीनंतर जे स्थित्यंतर घडत आले, त्याचा माग मात्र व्रतवैकल्यांतच काढावा लागतो.

मुलीस न्हाण आले की पूर्वी तिला मखरात बसवीत, वाजंत्री लावीत. विटाळ गेल्यावर वाजंत्री नसे. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करावयाचे आणि पुढे त्या व्रताचे उद्यापन करावयाचे, एवढीच काय ती समाजाची पावती. देवघर महिनाभर मोकळे झाले हा लाभ खराच. पण बाई मध्यरात्री घामाने भिजून का उठून बसते, हे तिला कोण विचारणार?

सुश्रुतसंहितेत रज बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीस क्षय पावते, असे सांगितले आहे. ‘मेनोपॉज’ हा शब्द द गार्दान ह्या फ्रेंच वैद्याने १८२१ साली रूढ केला. त्याचाही अर्थ मासिक थांबणे एवढाच. दोन्हीकडे दृष्टी थांबण्यावर खिळली. वस्तुतः बीजकोशातील बीजांचा साठा सरू लागला म्हणजे आधीची काही वर्षे पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, छाती धडधडते, चिडचिड वाढते. घरचे तिला ‘तापट झाली’ म्हणून मोकळे होतात! सलग बारा महिने पाळी न आल्यास निवृत्ती झाली असे धरतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडते. पुढे हाडे विरळ होत जातात. बारा महिन्यांनंतर पुन्हा रक्त दिसल्यास मात्र ते ‘वयाचे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडून तपासून घ्यावयाचे असते.

हे अज्ञान किती महाग पडते, ते वाघोलीवरून जाणाऱ्या ह्याच रस्त्याने नगरच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात गेल्यास दिसते. २०१९ साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत कामाचा खाडा झाला की दंड, आणि अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेल्यास कर्करोगाची भीती. पिशवी काढली म्हणजे पाळी थांबते हे खरे; पण तिच्याबरोबर बीजकोशही गेले असतील, तर जे स्थित्यंतर निसर्ग अनेक वर्षांत घडवितो ते काही दिवसांत अंगावर कोसळते, आणि तेही कित्येकींच्या बाबतीत तिशीत. बीडमध्ये २०१९ पासून खासगी रुग्णालयांस अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली.