एक बेट, एक भाषा आणि मुळांचा वाद

मादागास्करमध्ये बैलाला 'उम्बि' म्हणतात. शब्द समोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावरचा. स्वाहिलीत तो 'न्गोम्बे' आहे. कोंबडी 'अकुहु', स्वाहिलीत 'कुकु'. कुत्र्याचे 'अम्बुआ' हे नावही स्वाहिलीतल्या 'म्ब्वा'चे भावंड. पण तोच शेतकरी मोजायला लागला की 'रुआ, तेलु, एफत्र, दिमि' म्हणतो, आणि हे आकडे 'दुआ, एम्पात, लिमा' म्हणणाऱ्या मलय माणसाला ओळखीचे वाटतात. पार न्यूझीलंडमधल्या 'रुआ, तोरु' म्हणणाऱ्या माओरीलाही वाटतात. आता वार विचारा. मंगळवार 'तलाता', बुधवार 'अलारुबिया', शुक्रवार 'झुमा'. हे सरळ अरबी. आपल्याकडचा जुम्मा तोच हा झुमा, आणि राजधानी अंतानानारिवोच्या मधोमध भरणाऱ्या प्रचंड बाजाराचे नाव कित्येक वर्षे 'झुमा' हेच होते.

तर गुरे आफ्रिकेची, आकडे आग्नेय आशियाचे आणि वार अरबांचे. असे असता हे लोक मूळचे कुठले, हा प्रश्न बाहेरून आलेल्या प्रत्येकाने त्यांना विचारला. त्या प्रश्नाची उत्तरे रंजक आहेत. पण ती कोणी, कशासाठी वापरली हे पाहत गेलो तेव्हा हा इतिहास मला नीट कळू लागला.

आधी जागा पाहू. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. जगातले चौथे मोठे बेट. आफ्रिकेपासून मोझांबिकच्या खाडीने तोडलेले. ही खाडी अगदी अरुंद ठिकाणीही चारशे किलोमीटरच्या वर रुंद आहे. भूगर्भशास्त्राच्या हिशेबात ते आपले अधिक जवळचे नातलग ठरते, कारण भारताचा तुकडा त्याच्यापासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटला, आफ्रिका त्याच्याही कितीतरी आधी. लेमूर हा प्राणी आणि त्याचे भारतातले दूरचे भाऊबंद पाहून फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ साली मध्ये बुडालेल्या एका खंडाची कल्पना मांडली आणि त्याला 'लेमुरिया' हे नाव दिले. भूखंड सरकतात हे पटल्यावर विज्ञानाने ती सोडून दिली. तमिळ अभिमानाने मात्र ती 'कुमरी कंडम' म्हणून उराशी धरली. मुळाविषयीच्या कल्पना अशा सहजासहजी मरत नाहीत.

माणूस या बेटावर फार उशिरा स्थिरावला. कायम वस्तीचे भक्कम पुरावे इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातले आहेत. भाषेचे नाते मात्र युरोपीय खलाशांच्या लवकर लक्षात आले. फ्रेडरिक द हाउटमन या डच माणसाने १६०३ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मलय आणि मालागासी या दोन भाषांचा शब्दसंग्रह एकाच पुस्तकात छापला. नेमके गाव सापडायला पुढे साडेतीनशे वर्षे लागली. ओटो क्रिस्तियन दाल या नॉर्वेजियन मिशनऱ्याने १९५१ साली दाखवून दिले की मालागासीची सर्वांत जवळची बहीण म्हणजे बोर्निओ बेटाच्या आग्नेय भागात बारितो नदीच्या खोऱ्यात बोलली जाणारी मान्यान ही भाषा. मध्ये सात हजार किलोमीटरहून अधिक समुद्र. गंमत अशी की मान्यान लोक आज समुद्राकडे फिरकतही नाहीत; ते नदीकाठचे शेतकरी आहेत. त्यामुळे त्यांचे पूर्वज मलय व्यापाऱ्यांच्या जहाजांवर, हाताखालची माणसे म्हणून आले असावेत, असे आलेक्झांडर आडेलार हे भाषाशास्त्रज्ञ मानतात. मला हे पटते, कारण या भाषेत मलय आणि जावानीज शब्द आहेत आणि त्यांच्या बोटाला धरून संस्कृतही आले आहे. काही भागांत एका महिन्याला 'वात्रवात्र' म्हणतात, दुसऱ्याला 'फौसा'. हे आपले भाद्रपद आणि पौष.

सगळ्यांत बोलका पुरावा दिशांचा आहे. मलयमध्ये 'बारात' म्हणजे पश्चिम, 'तिमुर' म्हणजे पूर्व. मालागासीत तेच शब्द 'अवारत्र' आणि 'अत्सिमु' होऊन आले. पण अवारत्र म्हणजे उत्तर आणि अत्सिमु म्हणजे दक्षिण. दिशा चुकल्या कशा? त्या चुकल्या नाहीत. खलाशाच्या तोंडी ही नावे वाऱ्यांची होती. बारात हा पाऊस आणणारा, तिमुर हा कोरड्या दिवसांतला. नव्या बेटावर पाऊस उत्तरेकडून, वायव्येकडून येतो आणि कोरडा वारा आग्नेयेकडून. वाऱ्यांची नावे कायम राहिली, होकायंत्र फिरले. कोकणातल्या तांडेलाला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

याच लोकांनी भात आणला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मादागास्कर, कोमोरो बेटे आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा इथल्या जुन्या वस्त्यांची माती चाळून धान्याचे जळके कण वेचले गेले. किनाऱ्यावर ज्वारी-बाजरीसारखी आफ्रिकी धान्ये प्रामुख्याने निघाली. मादागास्कर आणि कोमोरोत निघाले ते आशियाई तांदूळ, मूग आणि कापूस, आठव्या ते दहाव्या शतकातले. भाताला मालागासीत 'वारि' म्हणतात, आणि आपल्यातले हौशी व्युत्पत्तिकार लगेच 'व्रीही'पर्यंत धाव घेतात. तशी गरज नाही. बारितो खोऱ्याच्या भाषांत शिजलेल्या भाताला 'बारि' म्हणतातच. जेवणे याला त्यांचा शब्द 'भात खाणे' असाच आहे, आणि भाताबरोबर जे काही ताटात पडेल, मग ते मांस असो की पाला, ते सगळे 'लौका'. वेळही भातावर मोजत: एक भात शिजेपर्यंतचा अवकाश म्हणजे साधारण अर्धा तास. भात काढून घेतल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड तशीच ठेवून त्यात पाणी उकळतात. ते तांबूस, खमंग पाणी म्हणजे 'रानुवुला', रुपेरी पाणी; कोणी सोनेरी म्हणतात. जेवणाबरोबर तेच पितात.

भाताच्या दोन तऱ्हा आहेत आणि इतिहास त्यांच्याभोवती फिरतो. मधल्या पठारावर खाचरे, बांध, पाटाचे पाणी. पूर्वेच्या पावसाळी डोंगरउतारांवर 'तावि', म्हणजे रान तोडून, जाळून त्यात पेरणी. आपल्या सह्याद्रीतल्या कुमरीसारखी. पठारावरचे मेरिना लोक अंतानानारिवोभोवतीची दलदल उपसून खाचरे करत गेले आणि त्या खाचरांवर राज्य उभे राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रियानाम्पुइनिमेरिना या राजाने ते एकवटले. समुद्र हाच माझ्या खाचराचा बांध, असे तो म्हणाला, अशी परंपरा आहे.

पूर्व किनाऱ्यावर तोवर वेगळेच घडले होते. सतराव्या शतकाच्या शेवटी सेंट मेरी बेट आणि आसपासच्या खाड्या युरोपीय चाच्यांचे घर बनल्या होत्या. १६९५ साली औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज सुरतेला परतताना हेन्री एव्हरीने लुटले, तेव्हा याच पाण्यातल्या चाच्यांची नावे मुघल दरबारापर्यंत पोचली. क्लेमेंट डाउनिंग या इंग्रजाने १७३७ साली छापलेल्या पुस्तकात जेम्स प्लँटेन नावाच्या अशाच एका 'राजा'ची हकीकत दिली आहे. मादागास्करची खाडी सोडून तो घेरियाला, म्हणजे आपल्या विजयदुर्गाला आला आणि आंग्र्यांच्या चाकरीत राहिला, असे डाउनिंग लिहितो. त्याच पुस्तकाच्या नावात आंग्र्यांनाही 'चाचे' म्हटले आहे, तेव्हा त्याचा चष्मा ध्यानात ठेवावा.

अशाच एका इंग्रज चाच्याचा आणि तिथल्या राजकन्येचा मुलगा रात्सिमिलाहु. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पूर्व किनाऱ्यावरच्या विखुरलेल्या घराण्यांचा संघ बांधला. नाव 'बेत्सिमिसाराका': जे अनेक आहेत आणि वेगळे होत नाहीत. नावाचा हा अर्थ वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात मेरिना राज्याने बेटाचा बराच मोठा भाग जिंकला. पहिल्या रादामाने १८१७ साली मॉरिशसच्या इंग्रज गव्हर्नरशी तह करून गुलामांची निर्यात थांबवण्याचे कबूल केले आणि बदल्यात बंदुका व शिक्षक मिळवले. आग्नेय किनाऱ्यावरचे अंतैमुरु लेखनिक कित्येक पिढ्या मालागासी भाषा अरबी लिपीत, झाडाच्या सालीच्या कागदावर लिहीत आले होते. रादामाने १८२३ मध्ये रोमन लिपी पसंत केली. व्यंजने इंग्रजीप्रमाणे आणि स्वर फ्रेंचप्रमाणे, असा तोडगा त्याने काढला. भाषा आणि लिपी एक झाली, हे खरे. पण किनाऱ्यावरच्या माणसाला हे राज्य कसे दिसले? वेठबिगार, लष्करी ठाणी, पठाराकडे हाकलून नेलेले गुलाम. मेरिनांची मोहक चित्रे काढणारे लेखक हे पान उलटून पुढे जातात.

१८९५ मध्ये फ्रेंच फौज उतरली. तिचे लढाईत पंचवीसच्या आसपास सैनिक पडले आणि रोगाने पाच हजारांहून अधिक. सप्टेंबरअखेर राजधानी पडली, पुढच्या वर्षी बेट फ्रान्सची वसाहत झाले, त्याच वर्षी गुलामगिरी रद्द झाली आणि जनरल गालिएनी सत्तेवर आले. त्यांच्या धोरणाचे नावच 'वंशांचे राजकारण' असे होते: प्रत्येक जमातीला तिचा वेगळा नकाशा, वेगळा मुखिया, आणि मेरिनांची किनाऱ्यावरची सत्ता मोडणे. १९०२ साली त्यांनीच मालागासी अकादमी स्थापली. जनरलसाहेबांना तिथल्या भाषेत आणि चालीरीतींत खरा रस होता, हे नाकारता येत नाही. पण त्यांचे वाचन आणि त्यांचा कारभार एकाच टेबलावर चालत होता. विद्वानांतही दोन तट पडले. आल्फ्रेड ग्रांदिदिए यांना सगळे बेट आशियाई मुळाचे दिसे, तर गाब्रिएल फेराँ यांनी १९०८ मध्ये आफ्रिकी मुळाची बाजू मांडली. विद्वत्तेचा वाद म्हणून तो वाचनीय आहे. कचेरीत पोचेपर्यंत त्याचे इतकेच उरले: पठारावरचे मलय, म्हणजे परके आणि कावेबाज, किनाऱ्यावरचे आफ्रिकी, म्हणजे भोळे आणि आपल्या संरक्षणाचे हक्कदार.

या वाटणीची किंमत १९४७ साली मोजली गेली. महायुद्धाच्या काळात वेठबिगार वाढली होती. सरकारी तांदूळ कचेरीने शेतकऱ्याचे भात पडत्या भावाने उचलून त्यालाच चढ्या भावाने विकायला सुरुवात केली होती. तावि करणाऱ्यांना जंगलखात्याचा जाच होताच. १९४६ मध्ये स्वातंत्र्य मागणारा पक्ष निघाला. पाठोपाठ 'मादागास्करच्या वंचितांचा' म्हणवणारा किनारपट्टीचा दुसरा पक्ष निघाला आणि प्रशासनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. २९ मार्च १९४७ च्या रात्री मोरामांगाच्या लष्करी छावणीवर आणि पूर्व किनाऱ्यावर हल्ले झाले. बंडखोरांच्या हाती बहुतेक भालेच होते. गोळ्यांचे पाणी होईल या श्रद्धेने ते 'रानु, रानु', म्हणजे 'पाणी, पाणी', ओरडत चालून जात. मे महिन्यात मोरामांगा स्थानकात मालडब्यांत कोंडलेल्या कैद्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. शंभराहून अधिक मेले. जंगलातला पाठलाग १९४८ च्या अखेरपर्यंत चालला. एकूण मेले किती? लष्कराचा सुरुवातीचा आकडा ८९ हजार, नंतरचा सरकारी आकडा ११ हजार. अलीकडचे काही इतिहासकार तीस ते चाळीस हजारांवर थांबतात. गोळीने मेले त्यांच्यापेक्षा रानात उपासमारीने आणि रोगाने मेलेले बहुधा जास्त.

सरकारने हा मेरिनांचा कट ठरवला. पॅरिसच्या संसदेतल्या तिन्ही मालागासी प्रतिनिधींनी उठावाच्या दोन दिवस आधी शांत राहा अशी तार केली होती. तीच उठावाची खूण ठरवून त्यांच्यावर खटला भरला. दोघांना फाशी सुनावली, ती पुढे बदलली. तिसरे झाक राबेमानांझारा यांना जन्मठेप. राबेमानांझारा हे कवी, आणि बेत्सिमिसाराका. ज्या मुलखात बंड सर्वांत जास्त पेटले तोही पूर्वेच्या किनाऱ्याचा आणि जंगलांचा, बेत्सिमिसाराका व त्यांच्या शेजाऱ्यांचा. ज्यांना मेरिनांपासून वाचवायचे म्हणून धोरण आखले, तेच भाले घेऊन उभे राहिले, आणि कागदावर बंड मात्र मेरिनांचे राहिले.

२६ जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तरी 'पठारवाले' आणि 'किनाऱ्यावाले' हे शब्द निवडणुकीच्या भाषणांत राहिले. १९७२ च्या आंदोलनानंतर शाळांत फ्रेंचऐवजी मालागासी आणायचे ठरले, तेव्हा तामाताव बंदरात त्याविरुद्ध दंगली झाल्या, कारण पुस्तकातली मालागासी पठाराच्या बोलीवर बेतलेली होती. भाषा सगळ्यांची एक, पण प्रमाण कोणाची? हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही.

२०१७ साली २५७ गावांतल्या लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पठारावर आशियाई अंश जास्त, किनाऱ्यावर आफ्रिकी अंश जास्त, पण दोन्ही अंश बेटाच्या सगळ्या भागांत मिसळलेले. निव्वळ 'मलय' किंवा निव्वळ 'आफ्रिकी' असा जो माणूस वसाहतीच्या दफ्तरात होता, तो प्रत्यक्षात भेटला नाही.

स्वतः मालागासी माणूस मूळ कसे सांगतो, हे रिता आस्तुती यांनी नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या वेझु कोळ्यांमध्ये राहून टिपले आहे. होडी वल्हवतो, जाळे टाकतो, वाळूत चालताना दमत नाही तो वेझु. मग आईबाप कोणीही असोत. तोच माणूस आत शेतावर राहायला गेला की मासिकुरु होतो. जिवंतपणी त्याला आजी-आजोबा चारही बाजूंचे, आणि तो सगळ्यांचा. पण हाडे एकाच थडग्यात ठेवता येतात, कुळे तिथे वेगळी होतात. म्हणून बाप मूल लहान असतानाच 'सुरु' नावाचा विधी करतो, आईच्या घरच्यांना मान देतो आणि ते मूल मेल्यावर आपल्या थडग्यात नेण्याचा हक्क मिळवतो. विधी झाला नसेल तर हाडे आईच्या माणसांकडे जातात.