प्रकाशरेषा आणि नर्तन : एका छायाचित्रणतंत्राचा पूर्वेतिहास

रात्रीच्या काळोखात कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद उघडे ठेवावे आणि हातापायांस दिवे बांधलेल्या नर्तिकेने त्यासमोर नृत्य करावे. चित्रात नर्तिका उमटत नाही, उमटते ती तिच्या गतीची तेजोरेषा. गडद वस्त्रांतील हलते शरीर फिल्मच्या कोणत्याही एका बिंदूवर पुरेसा प्रकाश टाकीत नाही. दिवा मात्र जाईल तेथे आपली खूण ठेवतो. या रेषेस लेखनाची उपमा वारंवार दिली गेली आहे. ‘फोटोग्राफी’ या शब्दाच्या ग्रीक घटकांचा अर्थही प्रकाशाने लिहिणे असाच होतो; मराठीने मात्र ‘छायाचित्र’ ही संज्ञा पत्करली. ही रेषा खरोखर लेखन आहे काय, हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे. नृत्याच्या अभ्यासकाने अशा चित्रास कितपत पुरावा मानावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या तंत्राचा उगम रंगमंचावर नव्हे, तर प्रयोगशाळेत झाला. पॅरिस येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे (१८३०-१९०४) याने चालत्या माणसास काळा पोशाख घालून त्याच्या अवयवांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि एकाच काचेवर त्याच्या हालचालींचे क्रमवार ठसे घेतले. त्याचा सहकारी जॉर्ज देमनी याने १८८९ साली पट्ट्यांऐवजी सांध्यांवर विजेचे दिवे बसविले. सदोष चाल कशी असते, हे पाहणे हा त्याचा हेतू होता. तेथे शरीर नको होते. शरीराची रेषा तेवढी हवी होती.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने हीच रीत कारखान्यात नेली. कामगाराच्या बोटांस लहान दिवे बांधून, त्याचे हात व्यर्थ कोठे फिरतात हे ते शोधीत. त्यांच्या ध्यानात एक अडचण आली. अखंड रेषेत वाट दिसते, परंतु वेळ दिसत नाही. म्हणून त्यांनी दिव्याचा विद्युत्प्रवाह ठराविक अंतराने खंडित केला. रेषेचे तुकडे पडले. तुकडे मोजून वेळ कळू लागला आणि त्यांच्या निमुळत्या टोकांवरून दिशा समजू लागली. खोली कळावी म्हणून दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने त्रिमितीय चित्रे घेण्यात आली व त्यांवरून तारेच्या प्रतिकृतीही करण्यात आल्या. तात्पर्य, ही रेषा वाचनीय व्हावी म्हणून तिला बाहेरून इतकी साधने जोडावी लागली.

कलावंतांनी नेमकी हीच साधने दूर केली. मॅन रे याने १९३५ साली उघड्या शटरसमोर हातातील दिवा फिरवून ‘स्पेस रायटिंग’ ही चित्रे केली. त्यांतील एका चित्रातील वळणे आरशात पाहिल्यास त्याची स्वाक्षरी वाचता येते, हे २००९ साली निदर्शनास आले. म्हणजे येथे ‘लेखन’ शब्दशः होते, पण ते अक्षरांचे होते, गतीचे नव्हे. मार्था ग्रॅहम या नर्तिकेच्या छायाचित्रांमुळे ख्यातनाम झालेल्या बार्बरा मॉर्गन हिने १९४० साली प्रकाशरेखने केली. त्यांपैकी एकास तिने ‘समाधी’ हे संस्कृत नाव दिले. विद्युत् अभियांत्रिकी शिकलेला जॉन मिली याने बर्फावर घसरत नाचणाऱ्यांच्या बुटांस दिवे लावून चित्रे घेतली. १९४९ साली तीच पाहून पाब्लो पिकासो हवेत दिव्याने रेखाटने करण्यास प्रवृत्त झाला. त्या प्रसंगी मिलीने फ्लॅशचा झोत टाकून रेषेबरोबर रेषाकर्त्यासही चित्रात आणले.

लेखन म्हणावयाचे तर त्यास क्रम हवा, आणि ज्याने मूळ उक्ती ऐकली नाही त्यास ती त्यावरून पुन्हा उच्चारता यावी. रुडॉल्फ लाबान याने १९२८ साली प्रसिद्ध केलेली नृत्यलिपी ही कसोटी पुष्कळ अंशी उतरते. अवयव, दिशा, उंची व कालावधी या सर्वांची तीत नोंद होते. अखंड प्रकाशरेषेत मात्र दोन वळणे एकमेकांस छेदतात तेथे आधीचे कोणते हे कळत नाही. वेगाचा संकेतही उलटा मिळतो : दिवा वेगाने गेला तर रेषा फिकी, आणि नर्तिका थबकली तर तेथे प्रकाश साचतो. आवेगाचा क्षण पुसट आणि विरामाचा क्षण सर्वांत तेजस्वी, असे हे चित्र होय. त्यावरून दुसऱ्या नर्तिकेस ते नृत्य पुन्हा उभे करता येणार नाही.

यास्तव प्रकाशरेषा ही लिपी नव्हे, पाऊलखूण आहे. पाऊलखुणेचेही मोल असते; परंतु ती कोणाची, हे विचारल्यावाचून तिचा पुरावा होत नाही. दिवा नर्तिकेच्या अंगावर होता की छायाचित्रकाराच्या हाती? प्रवाह अखंड होता की खंडित? शरीर दाखविणारा झोत टाकला होता काय? या तीन प्रश्नांची उत्तरे चित्राबरोबर नोंदविली नाहीत, तर नर्तिकेचे श्रम केवळ चित्रकर्त्याच्या नावावर जमा होतात. काळोखात जी दिसत नाही, ती इतिहासातही दिसेनाशी होते.